चौदा महिन्यांचा कोळसा

भाऊजींनी त्या रविवारी जेवता जेवता बढाई मारली नसती, तर आजही ते त्याच खुर्चीत पाय पसरून सुखात बसलेले असते. पण पोट भरलं की माणसाची जीभ सैल सुटते, आणि भाऊजींची जीभ तर रिकाम्या पोटीसुद्धा कधी जागेवर नसायची.

"तुमच्या पाणीखात्याला शिस्त म्हणून नाही," ते म्हणाले. "परत कोळसा बदलताय म्हणे? चार महिन्यांत? आमच्याकडे बघ. चौदा महिने झाले, टाकीतल्या कोळशाला हात लावलेला नाही. आणि तुझ्याच बाटल्या सांगतात, बाहेर पडणाऱ्या पाण्यात काही म्हणजे काही नाही. शून्य! याला म्हणतात देखभाल."

"बाबा, मावशीला चिडवू नका हं," भाची त्यांच्या ताटात भात वाढत म्हणाली.

मावशी चिडली नव्हती. तिच्या तोंडातला घास तोंडातच राहिला होता.

ही मावशी शहराच्या पाणीखात्यात अकरा वर्षं नमुने गोळा करत होती. नदीवर, विहिरींवर, कारखान्यांच्या नाल्यांवर बाटल्या घेऊन जायचं, भरायच्या, बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि प्रयोगशाळेत आणायच्या. खात्यात तिचं खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं, सगळे तिला बाटलीबाई म्हणत. काम दिसायला सोपं, पण करून बघा! तिला शोधायची असायची ती फ्लोरिनची चिवट रसायनं. न चिकटणाऱ्या तव्यात तीच, पावसात न भिजणाऱ्या कोटात तीच, तेल न झिरपणाऱ्या कागदात तीच. उकळा, गाळा, उन्हात ठेवा, मरत नाहीत. अमरपट्टाच घेऊन आलेली. पोहण्याच्या मोठ्या तलावात दोनचार थेंब पडले तरी यंत्राला कळतं, त्यामुळे नमुना घेणाऱ्याच्या अंगावर त्यातलं काही असून चालत नाही. म्हणून बाटलीबाईने अकरा वर्षांत हाताला कधी क्रीम लावलं नव्हतं. थंडीत बोटं भेगाळून रक्त यायचं. कपडे सहासहा वेळा साध्या पाण्यातून काढलेले. पावसाळी कोट नाही, भिजायचं. भाऊजी तिच्या हातांकडे बघून म्हणायचे, "हे हात बघून कोण करणार तुझ्याशी लग्न?" आणि स्वतःच हसायचे.

भाऊजी त्याच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कारखान्यात होते. तिथे हे न चिकटणारे थर बनायचे. मुळात ते विक्री खात्यातले. गोड बोलणं, छान अक्षर, हातात सदा नोंदवही. मालकांना वाटलं, सरकारी माणसांना सांभाळायला असाच माणूस हवा, म्हणून त्यांना सांडपाण्याचे साहेब करून टाकलं. कोळसा म्हणजे त्यांच्या लेखी एक काळी वस्तू, बस्स.

आणि त्याच नदीच्या खालच्या अंगाला, शहर जिथून पिण्याचं पाणी उचलतं तिथून तीन गल्ल्या सोडून, त्यांचं घर. त्या घरात वीस वर्षं त्यांची बायको नळाचं पाणी प्यायली. ती बाटलीबाईची थोरली बहीण. ताईला मूत्रपिंडाची गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की कशाने झालं ते नक्की सांगता येत नाही. नसेल येत. पण बाटलीबाईने तेव्हाच, ताईच्या खाटेशी, भाऊजींना सरळ विचारलं होतं, "भाऊजी, खरं सांगा, तुमच्याकडून नदीत काही सुटतं का?" भाऊजींनी ताईचा हात हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "काही नाही सुटत. शून्य." ताईने धाकटीकडे रागाने बघितलं. "माझ्या नवऱ्यावर संशय घेतेस?" म्हणाली. दोघी बहिणींचं ते शेवटचं धड बोलणं. त्यानंतर पाच आठवड्यांत ताई गेली.

याला दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत बाटलीबाईने दर महिन्याला कारखान्याच्या नाल्यावर बाटली भरली, आणि दर महिन्याला शून्य आलं. ती मनातल्या मनात भाऊजींची माफी मागायची. आपण उगाच त्या माणसाला पाण्यात बघतो, असं तिला वाटायचं, आणि म्हणून तर ती दर रविवारी तिथे जेवायला जायची.

तर आता चौदा महिने!

सोमवारी सकाळी तिने पहिलं काय केलं, तर खात्याच्या गाळणीघरात गेली. तिथे तात्या होते. तीस वर्षं टाक्या सांभाळून त्यांचा आवाजही टाकीतून आल्यासारखा घुमायचा. दोन मजली उंचीच्या दोन लोखंडी टाक्या एकीपुढे एक उभ्या, पोटात ठासून कोळसा. नदीचं पाणी पहिलीतून जातं, कोळसा ती रसायनं धरून ठेवतो, आणि पहिलीच्या हातून काही निसटलंच तर दुसरी धरते, तरी थोडं नळापर्यंत पोचतंच. पहिली भरली की तिचा कोळसा काढून भट्टीत पाठवायचा.

"तात्या, आपला कोळसा चार महिन्यांत का भरतो?"

"विचारू नकोस बाई. आखणी करणारे बारा महिने म्हणाले होते. नदीतच एवढं येतंय तर तो बिचारा किती धरेल? त्याला काही पोट नाही का?"

"आणि आपल्या शंभरपट घाण पाणी असेल तर?"

"चौदा दिवस टिकला तरी पेढे वाटीन."

"चौदा महिने टिकला तर?"

तात्यांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "मग त्या कोळशाने काम केलेलंच नाही. अगं, ज्या घरातली चूल चौदा महिने चकचकीत राहते, त्या घरात जेवण बाहेरून येतं."

बाटलीबाई तिथेच पायरीवर बसली. तिला सगळं दिसलं. कारखान्यात नमुना घ्यायला जायचं तर एक दिवस आधी कळवावं लागतं, नाहीतर फाटकाच्या आत सोडत नाहीत. कळवलं की तिकडे जावई येणार असल्यासारखी धावपळ. त्या दिवशी पाणी कोळशातून सोडायचं, तिने बाटली भरली की परत चावी फिरवून बाजूच्या नळीने थेट नदीत. महिन्यातले दोन तास कोळसा कामाला, बाकी सगळा महिना सुट्टी. आणि तिच्या भेगाळलेल्या हातांनी भरलेल्या बाटल्या त्यांच्या वतीने खोटी साक्ष देत होत्या. दोन वर्षं! तिच्या तोंडून शिवी निघाली. तात्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"पाण्याचे नमुने काय कामाचे," ती म्हणाली. "पाणी त्यांना हवं तेव्हा स्वच्छ येतं. मला कोळसाच आणला पाहिजे."

प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी परवान्याचे कागद काढून बघितले. त्यात बारीक अक्षरांत होतं: गरज वाटल्यास गाळणीतल्या मालाचाही नमुना घेता येईल. आजवर कुणाला गरज वाटली नव्हती. पाण्याच्या बाटल्या सोडून कोळसा कोण उचलायला जातो! मोठ्या बाईंनी सही केली आणि एवढंच विचारलं, "तिथले साहेब तुझे नातेवाईक ना? तू जाऊ नयेस खरं तर. दुसऱ्या कुणाला पाठवते."

"पाठवा ना. माझ्याबरोबर पाठवा. पण बाई, मला जाऊ द्या. दुसरं कुणी गेलं तर ते सावध होतील. मी गेले तर चहा विचारतील."

तसंच झालं. प्रयोगशाळेतली दुसरी सहायक पेटी धरायला बरोबर होती. भाऊजी फाटकापर्यंत आले. पांढरी शुभ्र टोपी, खिशाला तीन पेनं. बाटलीबाईने नेहमीसारखी नाल्यावर बाटली भरली. शेजारी शुद्ध पाण्याची बाटली उघडून परत बंद केली, हवेतून काही पडलं असलं तर कळावं म्हणून. सगळं रोजच्यासारखं. मग सहज म्हणाली, "भाऊजी, तुमच्या त्या कोळशाची एवढी तारीफ केलीत. एक चमचा द्या ना. आमच्या तात्यांच्या तोंडावर मारते."

दुसरा कुणी असता, कोळशातलं कळणारा, तर त्याला घाम फुटला असता. पण भाऊजींच्या हिशेबी स्वच्छ म्हणजे चांगलं. त्यांची छाती फुगली. त्यांनी स्वतः माणसाला सांगून टाकीच्या माथ्यावरचं झाकण उघडायला लावलं. बाटलीबाईने शिडी चढून लांब पोलादी नळीने वरचा, मधला आणि तळाचा, असा तीन थरांतला कोळसा काढला, तीन बरण्या भरल्या.

"बघितलंस? नवाकोरा," भाऊजी खालून ओरडले.

"बघतेय," ती म्हणाली. "आता एवढं लिहून द्या. शेवटचा कोळसा कधी बदलला, रोज किती पाणी यातून जातं, आणि नमुने तुमच्यासमोर घेतले. तुमचं अक्षर छान आहे."

त्यांनी लिहिलं. चौदा महिने, रोज दोन लाख लिटर, माझ्यासमोर. खाली झोकदार सही. बाटलीबाईने शिडीवरून उतरताना आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींचे मनापासून आभार मानले.

कोळशाची तपासणी लांबलचक काम. तीन आठवडे लागणार होते. मधल्या रविवारी ती नेहमीसारखी जेवायला गेली, आणि नेमकं त्या दिवशी भाची म्हणाली, "मावशी, बेसिनखाली पाणी साचतंय, जरा बघतेस? बाबा आंघोळीला गेलेत."

बेसिनखालचं कपाट तिने पहिल्यांदाच उघडलं. आत नळाच्या नळीला एक निळा डबा बसवलेला होता. कोळशाची छोटी गाळणी.

"हे कधी बसवलं गं?"

"झाली दोन वर्षं. चवीसाठी, बाबा म्हणाले. ते स्वतःच बदलतात, मला हात लावू देत नाहीत."

कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड चिकटवलेलं होतं. हाडाचा नोंदवहीवाला माणूस! स्वतःच्या स्वयंपाकघरातसुद्धा नोंद ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. छान, गोल अक्षरात पाच ओळी. बसवली, आणि पुढे तारीख. मग बदलली, बदलली, बदलली, बदलली, दर सहा महिन्यांनी.

बसवल्याची तारीख बाटलीबाईने तीनदा वाचली. ताई गेली त्यानंतरचा नववा दिवस.

म्हणजे याला माहीत होतं. ताईचा हात हातात धरून शून्य म्हणाला तेव्हाही माहीत होतं. बायकोसाठी गाळणी बसवली असती तर ती विचारणार, का? आणि मग उत्तर द्यावं लागणार. म्हणून बसवली नाही. ती गेल्यावर मात्र पोरीच्या काळजीने धावत जाऊन बसवली. बायको गेली तर गेली, नोकरी राहिली! मेल्याने नऊ दिवससुद्धा दम धरला नाही.

ढिला झालेला आटा तिने आवळला. कपाटाच्या कोपऱ्यात मागच्या वेळी काढलेली जुनी गाळणी पडली होती, ती पिशवीत घातली. हात धुतले. भाऊजी आंघोळ करून आले तेव्हा ती ताटं मांडत होती. जेवली, हसली, भाताला छान म्हणाली. कशी जेवली ते तिचं तिला माहीत.

निकाल एका सकाळी एकत्रच आले. मोठ्या बाईंनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "कारखान्याच्या टाकीत जवळजवळ काही नाही. रोज दोन लाख लिटर गाळलं म्हणतात, तर त्यातली रसायनं गेली कुठे? हा कागद मी आजच वर पाठवते. पण ही दुसरी कुठली गं, छोटी? ही तर काठोकाठ भरलीय."

"ती घरातली आहे बाई. ती माझ्यापाशीच राहू दे."

वरून चौकशी लागली. सुनावणीची तारीख पडली. पण बाटलीबाईचं समाधान कुठे होतं! कारखाना अडकला होता, भाऊजी नाही. भाऊजी उभे राहणार, टोपी काढणार, मला वरून जसं सांगितलं तसं केलं म्हणणार, आणि लोण्यातून केस निघावा तसे अलगद निघून जाणार. तिला कारखाना नको होता. तिला ते हवे होते, त्यांच्याच अक्षरात.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी ती तासभर लवकर गेली. भाची बाजारात गेली होती. भाऊजी टेबलाशी बसले होते, दाढी वाढलेली.

"तू घरातला साप निघालीस," ते म्हणाले. "मी तुला चहा पाजला, आणि तू माझ्या सहीनेच माझा गळा कापलास."

"चोराच्या उलट्या बोंबा. उठा भाऊजी, इकडे या."

तिने बेसिनखालचं दार उघडलं आणि कार्डावर बोट ठेवलं. "हे अक्षर कुणाचं?"

भाऊजी बघत राहिले. मग ते खाली, तिथेच फरशीवर बसले.

"मला कागद दाखवले होते वरच्यांनी," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वी. उंदरांवर केलेल्या चाचण्या होत्या. मला वाटलं, नदी मोठी आहे, एवढ्याने काय होतंय. मग तिची गाठ निघाली. तेव्हा बोललो असतो तर तिने मला जन्मात क्षमा केली नसती. काय करणार होतो मी?"

"एक निळा डबा बसवणार होतात. बसवता येत होता तुम्हाला, पुढे दिसलं ना ते."

"पोरीला सांगू नकोस. काय हवं ते कर, मला तुरुंगात घाल. पण हे तिला सांगू नकोस. तिला माझ्याशिवाय कोण आहे?"

बाटलीबाईला कीव आली का? नाही आली. दोन वर्षं तिने याच माणसाची मनातल्या मनात माफी मागितली होती. ती खुर्ची ओढून बसली.

"मग लिहा. बाजूची नळी कुठे आहे, चावी कोण फिरवायचं, कुणाच्या सांगण्यावरून, कधीपासून. सगळ्यांची नावं घाला, आणि पहिलं तुमचं. लिहिलंत तर मी तिला एक शब्द बोलणार नाही. जिवंत आहे तोवर नाही."

"शब्द?"

"दिला."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. अर्धा तास लिहीत होते. अक्षर मात्र शेवटपर्यंत बिघडलं नाही, हे तिला फार लागलं. दोन पानं झाली. नळी, चावी, चार जणांची नावं, सहा वर्षं. तिने वाचून बघितलं, मान हलवली. तेवढ्यात दारात भाचीच्या चपलांचा आवाज आला. भाऊजी घाईने उठून खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

बेसिनखालचं दार उघडंच होतं. भाऊजी ते विसरले होते. बाटलीबाई विसरली नव्हती.

भाची पिशव्या ठेवून पाणी प्यायला बेसिनशी गेली. "अगंबाई, हे उघडं कुणी टाकलं? परत गळतंय का?" म्हणत वाकली, आणि वाकलेलीच राहिली. नळ वाहत होता.

"मावशी, हे कार्ड कसलं?"

"बाबांना विचार," मावशी म्हणाली.

आई गेली त्या दिवसापासून पोरीने बोटांवर दिवस मोजले. एकदा मोजले, परत मोजले. कारखान्याबद्दल आठवडाभर पेपरात येत होतं, तिने सगळं वाचलं होतं. बाबा म्हणाले होते, लोक जळतात आपल्यावर, आणि तिने ते खरं मानून दोन मैत्रिणींशी भांडण केलं होतं. ती वळली तेव्हा तिचा चेहरा थेट ताईसारखा दिसत होता.

"बाबा, ही कशासाठी बसवली होती?"

"अगं, चवीसाठी. सांगितलं होतं ना तुला," भाऊजी म्हणाले.

"आई होती तेव्हा पाण्याला चव नव्हती का?"

भाऊजींनी मेव्हणीकडे बघितलं. तिने शब्द पाळला होता, ती गप्प बसून होती. आणि खोटं कशाला सांगा, तिला त्या क्षणी आतून थंडगार वाटलं, दोन वर्षांत वाटलं नव्हतं इतकं.

पोरीने नळ बंद केला. टेबलापाशी आली, मावशीच्या हातातली दोन पानं काढून घेतली आणि उभ्याउभ्याच वाचली. सगळी वाचली, सहीपर्यंत. रडली नाही. मग तिने पानं बापासमोर ठेवली आणि खाली मोकळ्या राहिलेल्या जागेवर बोट टेकवलं.

"यात कारखान्याचंच आहे सगळं," ती म्हणाली. "आपल्या घरचं राहिलं. लिहा."

"बेटा..."

"तारखेसकट लिहा, बाबा. कार्डावर लिहिलीत तशी."

भाऊजींनी पेन उचललं. टोक कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"लिहा," पोरगी म्हणाली, "मला माहीत होतं."